‘दंड मोठे होतील का?’ : वजनं उचलणाऱ्या स्त्रियांचे प्रश्न

ताकदीच्या व्यायामाबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. प्रश्न व्यायामाचा असला, तरी बहुतेक पत्रांमध्ये खरी काळजी दिसण्याची आहे. तिला आम्ही बगल दिलेली नाही. जिथे किलो, सेंटिमीटर आणि आठवडे सांगता येतात तिथे तेही सांगितले आहेत.

प्रश्न : दीड महिन्यापासून डंबेल घेऊन व्यायाम करते. व्यायाम झाला की दंड आणि मांड्या फुगलेल्या दिसतात, बाह्या घट्ट होतात. घरचे म्हणतात, ‘पुरुषी दिसायला लागशील.’ डंबेलचं वजन कमी करून रेप्स (एकच हालचाल पुन्हा पुन्हा करण्याची संख्या) वाढवू का? (वय २९)

उत्तर : व्यायाम संपल्या संपल्या दिसतो तो फुगवटा रक्ताचा आणि पाण्याचा असतो. काम करणाऱ्या स्नायूकडे रक्त धावतं, आणि तास-दोन तासांत ते उतरतं. शिवाय सवय नसलेला व्यायाम सुरू केला की सुरुवातीचे काही आठवडे स्नायूंना बारीक सूज असते आणि तीही पाणी धरून ठेवते. दीड महिन्यात ताकद वाढल्याचं जाणवलं असेल, तर त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेचा आहे. असलेलेच स्नायूतंतू जास्त संख्येने आणि एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. त्यासाठी स्नायू जाड व्हावा लागत नाही.

स्त्रियांच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या साधारण दहाव्या ते विसाव्या हिश्शाइतकं असतं. टक्केवारीत पाहिलं तर स्त्रीची ताकद पुरुषाइतक्याच वेगाने वाढते, पण स्नायूंचं एकूण आकारमान बरंच कमी वाढतं. नेमाने व्यायाम आणि पुरेसा आहार असेल, तर नवशिकीला महिन्याला फार तर पाव ते अर्धा किलो स्नायू मिळतो, आणि हा वेगही पुढे मंदावतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो गटात क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) ११५ किलो उचलले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त. इतक्या वर्षांच्या सरावानंतरही ती ४९ किलोच्याच गटात होती. शरीरसौष्ठव स्पर्धेच्या मंचावरची जी शरीरं पाहून भीती वाटते, त्यामागे कित्येक वर्षांचा ठरवून केलेला आहार-व्यायाम असतो आणि कधी कधी औषधंही असतात. चुकून तसं कुणी होत नाही.

वजन कमी करून रेप्स वाढवण्याने तुमचा हेतू साधणार नाही. हलक्या वजनाने दमेपर्यंत २५-३० रेप्स केल्या तरी स्नायू जवळजवळ तितकाच वाढतो, फक्त वेळ जास्त जातो आणि ताकद कमी मिळते. वर्ष-दोन वर्षांनी खांदे आणि मांड्या थोड्या भरतील, हे मात्र खरं आहे. ते नको वाटलं तर त्या भागाचे सेट (सलग रेप्सच्या फेऱ्या) कमी करा, वाढ थांबते. बाही घट्ट झाली तर मोठ्या मापाची घ्यावी. तेवढ्यासाठी व्यायाम बदलू नये.

प्रश्न : दहा आठवडे नेमाने व्यायाम केला, खाणं सुधारलं, आणि वजनकाट्यावर १.८ किलो वाढ! जिममधल्या मशीनने चरबीही ३१ वरून ३३ टक्के दाखवली. ट्रेनरच्या सांगण्यावरून दोन आठवड्यांपूर्वी क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पूरक पावडर) सुरू केलं आहे. सगळं सोडून द्यावंसं वाटतंय. (वय ३६)

उत्तर : सोडू नका, आधी हिशेब मांडू. क्रिएटिन स्नायूत पाणी ओढून घेतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यानेच अर्धा ते दीड किलो वाढतो, आणि सुरुवातीला दिवसाला २० ग्रॅमचा मारा केला असेल तर आणखी लवकर. (त्या माऱ्याची गरज नाही. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरतं, महिन्याभरात साठा भरतो.) व्यायाम करणारा स्नायू ग्लायकोजेनही (साठवणीची साखर) जास्त साठवतो, आणि ग्लायकोजेनच्या दर ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत आणखी किलोभर पाणी साठू शकतं. यात चरबीचा संबंध कुठेच आलेला नाही.

त्या मशीनचं म्हणाल, तर ते शरीरातून क्षीण वीजप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी कमी-जास्त प्यालं, नुकताच व्यायाम केला, पाय ओले-कोरडे असले, एवढ्यानेही आकडा दोन-तीन टक्क्यांनी हलतो. ३१ आणि ३३ मधला फरक त्या मशीनच्या चुकीतच मावतो.

मोजायचंच असेल तर असं मोजा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, आठवड्यातून तीन-चार दिवस वजन घ्या आणि सरासरी लिहा. तुलना मागच्या आठवड्याशी करू नका, मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी करा. कंबर दर चार आठवड्यांनी एकदाच मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, पोट आत न ओढता, साधा श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल, तर आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलं लक्षण आहे. वजनकाटा पाहिला की दिवस खराब जातो असा अनुभव असेल, तर तो कपाटात टाकून फक्त टेप आणि व्यायामाची वही ठेवली तरी काही बिघडत नाही.

एक सूचना : क्रिएटिन चालू असताना रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहायला मोजतात तो घटक) थोडं जास्त येऊ शकतं, म्हणून डॉक्टरांना आधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

प्रश्न : जिममध्ये बायकांना ट्रेडमिल आणि दोन किलोचे डंबेल, एवढंच देतात. बारबेलकडे (दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट लावायचा लांब दांडा) गेलं की ‘मॅडम, तुम्हाला ते जड होईल.’ मला सुरुवातीपासून नीट शिकायचं आहे. आठवड्यातून किती दिवस, किती वजन, किती सेट? (वय ३४)

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगतात, स्त्री-पुरुष असा भेद न करता. दोन किलोचा डंबेल खांद्याच्या दुखण्यातून उठताना ठीक आहे. जी स्त्री घरात दहा-बारा किलोचं मूल उचलून कडेवर घेते, तिच्या पायांना त्याने काही होत नाही.

सोमवार-गुरुवार असे दोन दिवस पुरेत, तिसरा जमला तर उत्तम. पहिल्या दिवशी गॉब्लेट स्क्वॉट (डंबेल छातीशी उभा धरून उठबस), बेंचवर डंबेल प्रेस (पाठीवर पडून वजन वर ढकलणं), एका हाताने रोइंग (वाकून वजन पोटाकडे ओढणं), आणि दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर चालणं. दुसऱ्या दिवशी रोमानियन डेडलिफ्ट (पद्धत खाली दिली आहे), उभ्याने खांद्यावरून प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाउन (मशीनचा वरचा दांडा छातीकडे ओढणं) आणि पायरीवर चढणं. प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १० रेप्स. स्क्वॉट, डेडलिफ्टच्या सेटनंतर दोन ते तीन मिनिटं विश्रांती, बाकीच्यांना दीड मिनिट. ही विश्रांती चोरू नका. धाप लागण्यासाठी घाई केली की वजन कमी करावं लागतं आणि व्यायामाचा हेतूच बदलतो.

पूर्वी कधी व्यायाम न केलेल्या बहुतेकींना गॉब्लेट स्क्वॉटसाठी ६ ते १० किलो आणि रोमानियन डेडलिफ्टसाठी दोन्ही हातांत मिळून १२ ते २० किलो सुरुवातीला झेपतात. नेमका आकडा शरीरच सांगतं : ‘आणखी दोन रेप्स जमल्या असत्या’ असं वाटतं तिथे सेट संपला पाहिजे. पाच-सहा जमल्या असत्या तर वजन कमी पडतंय. तिन्ही सेटमध्ये १० रेप्स स्वच्छ झाल्या की पुढच्या वेळी सर्वांत लहान टप्प्याने वजन वाढवा आणि पुन्हा ८ पासून चढा. प्रत्येक वेळी तारीख, वजन आणि रेप्स वहीत लिहा. लिहिलं नाही की तीन महिने एकच डंबेल फिरत राहतो, आणि अर्ध्याअधिक जणींची गाडी तिथेच अडते.

चुका कुठे होतात? स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जातात, कारण घोटा पुरेसा वाकत नाही. टाचेखाली एक-दोन सेंटिमीटर जाडीची प्लेट ठेवा, लगेच फरक दिसेल. उठताना गुडघे आत वळत असतील तर आधी वजन कमी करा, मग गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने राहतात का पाहा. रोमानियन डेडलिफ्टचा बहुतेकजणी स्क्वॉट करून टाकतात. गुडघे किंचितच वाकवायचे, नितंब मागे सरकवायचे, वजन मांडीला घासत खाली न्यायचं. मांडीच्या मागे ताण आला आणि पाठीला बाक यायला लागला, की तोच तुमचा तळ. जमिनीपर्यंत जायची सक्ती नाही.

बारबेलकडे जाताना आधी बार ओळखा. प्रमाणित बार २० किलोचा आणि २८ मिलिमीटर जाड असतो. स्त्रियांचा १५ किलोचा आणि २५ मिलिमीटरचा, लहान हातात तो नीट बसतो. जिममध्ये असेल तर मागून घ्या. जमिनीवरून डेडलिफ्ट (बार उचलून सरळ उभं राहणं) करताना आणखी एक अडचण येते. पूर्ण मापाच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. तुम्ही लहान, पाच किलोच्या प्लेट लावल्या की बार कितीतरी खाली येतो आणि पाठ वाकवूनच त्याला हात पोचतो. दोष पाठीचा नाही, उंचीचा आहे. दोन्ही बाजूंच्या प्लेटखाली ठोकळे किंवा प्लेटची थप्पी ठेवून बार नडगीच्या मध्यावर आणा.

खांद्यावरच्या प्रेसमध्ये प्रगती लवकर अडते, त्याचं कारण साधं अंकगणित आहे. सर्वांत लहान प्लेट सहसा १.२५ किलोची, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून अडीच किलो. ४० किलोच्या डेडलिफ्टमध्ये ती ६ टक्के वाढ झाली, १५ किलोच्या प्रेसमध्ये जवळजवळ १७ टक्के. अर्ध्या किलोच्या प्लेट मिळाल्या तर त्या वापरा. नसतील तर प्रेसमध्ये रेप्स १२ पर्यंत न्या आणि मगच वजन वाढवा.

आहारात एवढंच पाहा : शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या स्त्रीला ७२ ते ९६ ग्रॅम, तीन-चार वेळच्या जेवणात विभागून.

आणि ‘जड होईल’ म्हणणाऱ्याला एवढंच सांगा : ‘मला सेटची शेवटची रेप जडच हवी आहे. माझा फॉर्म बघून सांगा.’ चांगला ट्रेनर लगेच बाजूला येऊन उभा राहील.

प्रश्न : जिमच्या चारही भिंतींना आरसे आहेत. व्यायाम करताना माझं सगळं लक्ष पोटाकडे जातं. शेजारची मुलगी बारीक, मी अशी. घरी येऊन रोज फोटो काढते आणि जुने-नवे ताडून पाहते. ताकद वाढली आहे, पण आनंद होत नाही. (वय २६)

उत्तर : बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलं की बायकांना लहानपणापासून स्वतःच्या शरीराकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेने पाहायची सवय लागते. पुढच्याच वर्षी एक प्रयोग झाला. मुलींना खोलीत एकटीने, आरशासमोर, पोहण्याचा पोशाख किंवा स्वेटर घालायला दिला आणि तो अंगावर असतानाच गणितं सोडवायला सांगितली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींची गणितं जास्त चुकली. खोलीत पाहणारं कुणीही नव्हतं. म्हणजे तुमचं लक्ष पोटाकडे जातं तेव्हा ते कुठून तरी काढून घेतलेलं असतं, आणि पाठीवर बार असताना ते परवडत नाही.

सर्वांत जवळच्या आरशाकडे पाठ करून उभं राहा. स्क्वॉट रॅकमध्ये (बार टेकवायच्या चौकटीत) बहुधा दोन्ही दिशांना तोंड करून उभं राहता येतं. एका बाजूच्या आरशात मान वळवून पाहिलं तर तंत्रही बिघडतं. तंत्र तपासायला फोन बाजूला दोन-तीन मीटरवर, कमरेच्या उंचीला ठेवा आणि सेट झाल्यावर दोनच गोष्टी पाहा : बार सरळ रेषेत वर-खाली गेला का, आणि पाठीचा कोन बदलला का. पाहून झालं की व्हिडिओ पुसून टाका. सैल टी-शर्टमध्ये बरं वाटत असेल तर सैल टी-शर्ट घाला. तंग कपड्यांनी व्यायाम सुधारत नाही.

रोजचे फोटो आजच बंद करा. प्रकाश, उभं राहायची पद्धत, जेवण आणि पाळीचा दिवस, यांनी दोन फोटोंत पडणारा फरक महिन्याभरात शरीरात होणाऱ्या खऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. त्यातून माहिती काहीच मिळत नाही, फक्त तपासायची ओढ वाढते. ट्रेनरला ‘आधीचा’ फोटो हवा असेल तर नाही म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘पोट कमी करायचंय ना?’ असं तो म्हणाला तर उत्तर तयार ठेवा : ‘मला डिसेंबरपर्यंत एक पूर्ण पुल-अप (लटकून हनुवटी बारच्या वर नेणं) काढायचा आहे, त्याचा कार्यक्रम द्या.’ (पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरत नाही, हे त्यालाही ठाऊक असायला हवं. मांडीवरची खळगेदार त्वचाही बहुतेक स्त्रियांना असते, बारीक आणि बलवान स्त्रियांनाही.)

ताकद वाढूनही आनंद होत नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलंत. आरशाची जागा बारच्या आकड्याने घेतली आणि तोही रोज निकाल द्यायला लागला, तर काहीच बदललं नाही. म्हणून वहीत आकड्याशेजारी एखादं वाक्य व्यायामाबाहेरचंही लिहा : जिना, सामान, झोप. शरीराबद्दलचे विचार दिवसाचा तासभर किंवा जास्त खात असतील, लोकांत जाणं टळत असेल, किंवा खाल्ल्याची भरपाई म्हणून व्यायाम होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत, आणि ते चालू असताना बहुधा व्यायामही चालू ठेवता येतो.

प्रश्न : बाळंतपणाला सात महिने झाले. डेडलिफ्ट करताना आणि उडी मारताना थोडी लघवी होते. लाजेने कुणाला सांगितलं नाही. व्यायाम थांबवू का? (वय ३२)

उत्तर : हा त्रास वजन उचलणाऱ्या पुष्कळ स्त्रियांना होतो, बाळंतपण न झालेल्यांनाही. वारंवार दिसतो म्हणून तो सोसायचा, असं मात्र नाही. व्यायाम पूर्ण थांबवू नका. ज्या वजनाला गळती होत नाही तिथपर्यंत खाली या आणि उड्या सध्या बाजूला ठेवा. श्वास कोंडून खाली जोर देण्याची सवय असेल तर तीच बहुधा मुख्य अडचण आहे. सर्वांत अवघड टप्प्याच्या आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर खेचा आणि त्या टप्प्यावर श्वास सोडा. कमरेचा पट्टा आत्ता नको, त्याने पोटातला दाब वाढतो.

त्या स्नायूंचा वेगळा व्यायाम : लघवी आणि वायू एकाच वेळी रोखल्यासारखे आकुंचन, जमेल तितके सेकंद धरून पूर्ण सैल सोडणं. एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. सैल सोडणं हाही व्यायामाचा भाग आहे. सतत आवळून धरणाऱ्या स्नायूनेही गळती होते. नितंब आणि मांड्या आवळल्या जात असतील तर चुकीचा स्नायू वापरला जातोय. चारपैकी एक तरी स्त्री हे चुकीचं करत असणार, म्हणून या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. पाणी पिणं कमी करू नका, आणि ‘आत्ताच जाऊन येते’ म्हणून दर अर्ध्या तासाने लघवीला जाण्याची सवयही लावू नका. योनीत जडपणा किंवा काही खाली आल्यासारखं वाटलं, तर वजनं थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वजनं उचलायला लागल्यापासून पाळी गेली. चार महिने झाले. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम, १२०० कॅलरीचा आहार. वजन ५६ किलो. लोक म्हणतात, वजनांमुळेच झालं. (वय २४)

उत्तर : आधी गर्भचाचणी करा. ती नकारात्मक असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि इतर संप्रेरकं तपासा. तीन महिने पाळी आली नाही की जायलाच हवं. पण तुमच्या पत्रातले आकडेच बरंच सांगतात.

चरबी २५ टक्के धरली तर चरबीविरहित वजन ४२ किलो. व्यायामात ४०० कॅलरी जातात असं मानू. १२०० मधून त्या वजा केल्या की शरीराच्या बाकी सगळ्या कामांसाठी ८०० उरतात, म्हणजे त्या ४२ किलोंतल्या दर किलोमागे १९. हा आकडा ४५ च्या आसपास हवा. ३० च्या खाली फार दिवस राहिला की मेंदू अंडाशयांना संदेश देणं कमी करतो, इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडं झिजायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. दोष वजनांचा नाही. इतक्या खाण्यावर तुम्ही रोज पळाला असतात तरी हेच झालं असतं.

तुमच्या हिशेबाने ४५ गाठायला सुमारे २३०० कॅलरी लागतात. एकदम उडी जड वाटेल, म्हणून दर आठवड्याला २०० ते ३०० वाढवा आणि व्यायाम तीन दिवसांवर आणा. पाळी परत यायला काही महिने लागू शकतात, तोवर वजन थोडं वाढेल, आणि हाच भाग सगळ्यात अवघड जाईल. त्यासाठी आहारतज्ज्ञ आणि गरज पडली तर समुपदेशक सोबत असावा. संप्रेरकांच्या गोळ्यांनी रक्तस्राव झाला म्हणजे पाळी सुधारली, असं समजू नका. गोळी मूळ कारण झाकते. नडगी किंवा पायाच्या हाडावर बोटाने दाबून दुखणारी एकच जागा असेल, तर ताणाने पडलेली चीर आहे का ते लगेच पाहून घ्या.

प्रश्न : पाळी जाऊन सहा वर्षं झाली. हाडांच्या तपासणीत टी-स्कोअर (तरुण वयातल्या सरासरीच्या तुलनेत हाडांची घनता) उणे २.१ आला. ‘जड काही उचलू नका’ असा सल्ला मिळाला. मुलगी म्हणते, उलट वजनं उचल. कुणाचं ऐकू? (वय ५८)

उत्तर : उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं विरळ होऊ लागली आहेत, उणे २.५ आणि त्याखाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार). पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत झीज सर्वांत वेगाने होते, म्हणजे वाट पाहण्यात तोटा आहे. हाडाला जाड होण्यासाठी त्याच्यावर मोठा भार यावा लागतो. चालणं हृदयासाठी उत्तम असलं, तरी मणक्यासाठी तेवढं पुरत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ नावाच्या चाचणीत (प्रसिद्धी २०१८) हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर प्रेस केलं : पाच रेप्सचे पाच सेट, कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. जोडीला बारला लटकून खाली उतरताना पाय आपटण्याचा व्यायाम. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. मात्र प्रत्येक सत्रावर प्रशिक्षकाची नजर होती, आणि पहिला महिना हलक्या वजनाने फक्त तंत्र शिकण्यात गेला. हे विसरून चालणार नाही.

डॉक्टरांना दोन नेमके प्रश्न विचारा : ‘माझा एखादा मणका आधीच दबलेला आहे का?’ आणि ‘देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने भार वाढवायला हरकत आहे का?’ उंची चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, किंवा अचानक पाठदुखी आली असेल, तर आधी एक्स-रे. पाठ गोल करून वजन उचलणं, सिट-अप्स आणि वजन घेऊन कमरेत पिळणं टाळा. ‘या वयात हे शोभतं का’ असं कुणी म्हणालं तर त्याला टी-स्कोअर दाखवा.

प्रश्न : चौदा वर्षांच्या मुलीला वजनं उचलायची आहेत. उंची खुंटेल का? (एक आई)

उत्तर : नाही. नीट देखरेख असेल तर त्याने हाडांच्या वाढीला धक्का बसल्याचा पुरावा नाही. दुखापती होतात त्या एकटीने कमाल वजन आजमावल्याने किंवा पायावर वजन पडल्याने. आठवड्यातून दोन-तीन दिवस, ८ ते १५ रेप्स, आधी एक-दोन सेट. तंत्र बिघडलं की सेट संपला. तिच्या (आणि स्वतःच्या) पोटा-मांड्यांवर घरात शेरे मारू नका, कौतुकाचेही नको. ‘आज किती उचललंस?’ एवढं विचारा.

प्रश्न : हाताला घट्टे पडलेत, हात राठ दिसतात. हातमोजे घालू का? (वय ३०)

उत्तर : घातलेत तरी चालेल, पण मोज्यामुळे पकडीची जाडी वाढते आणि बार लवकर निसटतो. बहुतेक वेळा घट्टे चुकीच्या पकडीने वाढतात. बार तळव्याच्या मध्यावर धरला की वजनाने तो बोटांकडे घसरतो आणि मधली कातडी चिमटीत सापडते. सुरुवातीलाच बोटांच्या मुळाशी धरा. घामासाठी चॉक (हात कोरडे ठेवणारी पांढरी पूड) लावा. आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर हात मऊ असताना, कानशीने किंवा प्युमिस दगडाने घट्टा भोवतालच्या कातडीइतका सपाट करा, पूर्ण काढू नका. उंच राहिलेला घट्टा फाटतो, आणि मग आठवडाभर डेडलिफ्ट विसरावी लागते.